खडीचा ठेका

उस्मानाबादच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली, तेव्हा आबांनी माझी ट्रंक टपावर चढवून घेतली आणि खिडकीपाशी येऊन उभे राहिले. मायनं भाकरी अन् शेंगाची चटणी बांधून दिली होती. आबा एवढंच बोलले, "पोरी, आमी दगड फोडले ते तुला फोडाय लागू नयेत म्हनून. तिकडं त्याचं नाव काढू नको." मी मान हलवली. गाडी सुटली.

बेंबळीच्या, माझ्या गावच्या माणसांनो, आणि माझ्यासारखं तिथून उठून आलेल्यांनो, आबांचं ते सांगणं मी पाळलं नाही. त्याचीच ही हकिकत.

पुण्यात मला रेडिओवर निवेदिकेचं काम मिळालं. आवाज चांगला होता, बोली मात्र गावची. 'कुठं' म्हटलं की बरोबरचे हसायचे. मी खोलीवर आरशासमोर 'इथे, तिथे, कुठे' घोकत बसायची. माझ्या वाट्याला आला तो रात्री उशिराचा कार्यक्रम, जो कुणालाच नको होता: परदेशी प्रोग्रेसिव्ह रॉक आणि जॅझ फ्यूजन. एकेक तुकडा रेकॉर्डची अख्खी बाजू खाणारा. गिटार, ऑर्गन, मधेच सॅक्सोफोन. सुरुवातीला मी कव्हरवरची माहिती तेवढी वाचून दाखवायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं.

मग एकदा एक रेकॉर्ड लावली. ड्रम साताच्या मोजणीत चाललेला, गिटार पाचाच्या. कुणी कुणाचं ऐकेना. आणि एकाएकी सगळे एकाच ठोक्यावर येऊन पडले. हे मी आधी ऐकलेलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर माय आणि गावच्या बाया खडी फोडायच्या. प्रत्येकीचा हात वेगळा, चाल वेगळी. मधूनच सगळे हातोडे एकदम पडायचे, अन् बाया मान वर करून एकमेकींकडं बघून हसायच्या. रेकॉर्ड संपली तसा मी माईक चालू केला आणि हेच सांगितलं. घोकलेलं सगळं सोडून, आपल्या बोलीत.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या साहेबांनी बोलावलं.

"बाई, हा संगीताचा कार्यक्रम आहे. खडीचं काय काढलंत त्यात? आणि भाषा शुद्ध ठेवा."

"साहेब, मी ठेका समजावून सांगितला. मला तो असाच कळला."

"पुन्हा असं झालं तर कार्यक्रम दुसऱ्या कुणाला देईन."

"द्या," मी म्हटलं.

त्यांनी खरंच दिला. ज्यांना दिला ते गृहस्थ शुद्ध बोलायचे, पण थोड्याच दिवसांत रात्रपाळीला कंटाळले. ऐकणारेही फोन करून विचारू लागले, त्या खडीवाल्या बाई कुठं गेल्या? साहेबांनी मला परत बोलावलं. भाषेचा विषय त्यांनी काढला नाही, म्हणून मीच काढला. "मी अशीच बोलणार," म्हटलं. ते फाईल चाळत राहिले.

खरी लढाई गावी होती. रात्री रेडिओवर पुणं केंद्र बेंबळीत खरखरत का होईना लागायचं. सुट्टीत घरी गेले तर आबा बोलेनात. शेवटी जेवताना म्हणाले, "धम्म घेतला, तुला शिकवलं, आन् तू रेडिओवर खडी फोडतीस?"

"आबा, लाज वाटावी असं काय केलं आपण? ज्यांनी रस्ता केला त्यांचं नाव काढायचं न्हाय, अन् गाड्या मात्र त्याच्यावरनं पळवायच्या, व्हय?"

माय चुलीपुढून म्हणाली, "सांगू द्या की तिला. माझा हात लई चालायचा, ते सांगितलंस का गं?"

"सांगितलं."

आबांनी मायकडं बघितलं. मग भाकरी मोडत म्हणाले, "त्या कामावर पानी प्यायला दुसरं भांडं ठिवलं हुतं आपल्याला. तेबी सांग."

परत गेल्यावर पहिल्याच कार्यक्रमात मी ते सांगितलं. त्यानंतर बराच वेळ ड्रम वाजत होता.

पुण्यात लोक मला गावाकडची म्हणतात, बेंबळीत पुण्याची. आधी दोन्ही लागायचं. आता माझ्या इथल्या दारावर माझ्या नावाखाली 'बेंबळी' असं लिहिलंय. शेजारणीनं विचारलं, हे कशाला? म्हटलं, बेंबळी माझं घर आहे. आणि हेही माझंच आहे. बोलायच्या आधी जीभ सरळ करावी लागत नाही, अशी जागा मला कुणी दिली नाही. मी ती दोन्हीकडं करून घेतली.