अर्धी पुसलेली संध्याकाळ

आमच्या रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात एक चित्रकार होऊन गेला. त्याच्याएवढी मोठी नाकं जगात दुसऱ्या कोणी काढली नसतील. तो सिनेमांच्या टॉकीजवर लावायची चित्रं रंगवायचा, टिनाच्या पत्र्यांवर, दोन-दोन मजले उंच. त्यानं काढलेल्या नायकाच्या नाकाच्या सावलीत दुपारी रिक्षावाले रिक्षांसकट झोपायचे. खलनायकाच्या मिशीवर कबुतरांच्या पिढ्या वाढल्या. आणि नायिकेच्या डोळ्यांतलं पाणी असं की खालून जाणारी माणसं छत्री उघडायची. यातलं निम्मं कमी करून घ्या, माझी हरकत नाही. उरलेलं निम्मं खरं आहे.

पुढे मी मोठ्या शहरांतली कलादालनं पाहिली. रेल्वेची नोकरी, पास फुकट, जाणार नाही तर काय! एका ठिकाणी मी एका चित्रासमोर बराच वेळ मान वाकडी करून उभा राहिलो, शेवटी तिथला रखवालदार म्हणाला, "साहेब, ती खिडकी आहे, चित्र बाजूला आहे." सांगायचं काय, की नामवंतांची चित्रं मी पाहिली आणि घरी येऊन जेवलो. पण जे चित्र पाहिल्याशिवाय आमच्या घरात कोणाला जेवण गेलं नाही, ते या नाकवाल्याचं होतं. आयुष्यात त्यानं एकच लहान चित्र काढलं, माझ्या काका-काकूंच्या लग्नात भेट म्हणून. सिनेमाच्या चित्रातून उरलेला टिनाचा तुकडा, साधारण दोन परातींएवढा. त्यावर खारून नदीचा घाट.

डावीकडे नदी. उजवीकडे घरं. मधे पायऱ्यांवर एक बाई, कमरेवर घागर, एक हात तोंडाशी. आणि सगळ्यावर सोनेरी, तपकिरी, गुळाच्या पाकासारखी संध्याकाळ.

ते चित्र स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, देव्हाऱ्याच्या वर टांगलेलं. समोर बसून माणसं चहा प्यायची आणि त्या बाईवर भांडायची. काका म्हणायचा, ती गाऊन राहिली आहे. शेजारच्या छत्तीसगढी दीदी म्हणायच्या, अहो परका पुरुष दिसला म्हणून तोंड झाकते ती. मी म्हणायचो, पलीकडच्या काठावरच्या कोणाला तरी हाक मारते, आणि तो कोण, त्याची लांबलचक कहाणी मी दर वेळी नवी सांगायचो. एका कहाणीत तो डाकू होता, एकीत तहसीलदार.

काकू या भांडणात कधी पडली नाही. पडायला वेळ कुठे होता? नागपूरहून येणारी प्रत्येक गाडी जणू आमच्याच घरी थांबायची. परीक्षेला आलेले, नोकरीला आलेले, नुसतेच आलेले. काकूनं लाटलेल्या पोळ्या एकाला एक जोडल्या असत्या तर रायपूर ते नागपूर रुळांवर अंथरून झाल्या असत्या, वर गोंदियाला जोडमार्ग. काका गेला, माणसं पांगली, काकू आमच्याजवळ राहिली. आता घरात मी, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि काकू.

काकूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. ऑपरेशनला ती तयार होईना. मी समजावलं, बायकोनं समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. मग एके दिवशी ती आपणहून म्हणाली, "चल. करून टाक. एकाच डोळ्याचं, पण करून टाक."

"काहून एकदम?" मी विचारलं.

तिनं चित्राकडे बोट केलं. ते थोडं चुकून कॅलेंडराकडे गेलं, पण मला कळलं.

"तिचं तोंड दिसत नाही मले आता. हासून राहिली ना ती, हाताआड? मले एकदा पाहायचं आहे." मग जरा थांबून म्हणाली, "तिचं झालं ना सगळं. पाणी भरलं, दिवस बुडला. आता घरी जाऊन नुसतं बसायचं आहे तिले. माह्या घरात एक तीच बाई आहे जिचं काम संपलं."

मी माणूस बडबड्या, पण त्या वेळी सरळ उठून डॉक्टरांना फोन लावला आणि दोन वाक्यांत तारीख घेतली. हे आमच्या घरात कोणी मानत नाही, पण खरं आहे.

ऑपरेशनला बायको बरोबर गेली. रात्रभर तिथंच ठेवणार होते, दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढून घरी. जाताना काकूनं अट घातली होती की पट्टी निघाली की पहिलं चित्रच पाहीन. बायकोनं मला दारात बजावलं, "अहो, भलतंसलतं काही करू नका."

भलतंसलतं मी नाही, मुलीनं केलं. म्हणजे सुरुवात तिनं केली. सकाळी चहा पिता पिता ती चित्राजवळ गेली, बोटानं पत्रा घासला आणि बोट मला दाखवलं. काळंकुट्ट.

"बाबा, ये तो कितना गंदा है. दादी नई आँख से यही देखेगी?"

माझी पोट्टी मराठी सगळी समजते आणि उत्तर हिंदीत देते. कोळशाची शेगडी, उदबत्ती, तेलाची फोडणी, इतक्या वर्षांचा धूर त्या पत्र्यावर बसलेला. लग्नाच्या गडबडीत ते कोरं असताना कोणी धड पाहिलं नव्हतं, पुढे धूर रोज चिमूटभर बसत गेला; मला ते कधी सुचलं नव्हतं. तिनं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला: अर्धा कापलेला आलू घ्या, चित्रावर हळूहळू फिरवा, ओल्या कापसानं पुसा. म्हटलं, वा! काकू येते तोवर चित्र लखलखीत. आम्ही खिळ्यावरून चित्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि डाव्या कोपऱ्यातून लागलो.

आलू काळा पडू लागला, कापूस काळा पडू लागला, आणि नदी पांढरी होऊ लागली.

आधी आनंद झाला. पाण्यात एक होडी निघाली, ती इतकी वर्षं आमच्या घरात राहून कोणाला दिसली नव्हती. मग आकाशावर आलो. सोनं निघून आलं कापसावर, आणि खाली निळं. धुतल्यासारखं गार निळं. सूर्याला पुसलं तर तो चांदीचा. नदीवरून धुकं उठत होतं.

मुलगी थांबली. "बाबा, ये शाम नहीं है."

"पुस गुपचूप," मी म्हणालो आणि नवा कापूस घेतला.

बाईपाशी आलो. तिचे पाय स्वच्छ झाले. ती वर चढत नव्हती, बोटं नदीकडे होती. घागर पुसली. घागरीचं तोंड खाली झुकलेलं, म्हणजे रिकामी. मग मी एकट्यानं, श्वास धरून, नखाएवढ्या कापसानं तिचं तोंड पुसलं. डोळे मिटलेले. तोंड मोठं उघडं. त्यावर हात.

ती हसत नव्हती, गात नव्हती आणि कोणाला हाकही मारत नव्हती. जांभई देत होती. झोपेतून उठून पाणी भरायला निघालेली बाई. दिवस तर अजून सुरूही झाला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. बायको.

"पट्टी काढली," ती म्हणाली. "डॉक्टरांनी बोटं दाखवली, ती बरोब्बर सांगितली आणि डोळे मिटून घेतले काकूंनी. म्हणतात, आता घरीच उघडीन. डॉक्टर हसून राहिले. आम्ही निघतो आहोत. तुम्ही काय करून राहिले?"

"काही नाही. आलू चिरून राहिलो," मी म्हणालो. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

मी टेबलाकडे पाहिलं. चित्राचा डावा अर्धा भाग सकाळ, उजवा अर्धा भाग संध्याकाळ. बाईच्या पाठीवरून उभी रेघ गेलेली. ती अंधारलेल्या घरांतून निघून उजेडात उभी होती.

"पूरा साफ कर देते हैं," मुलगी म्हणाली. "यही असली है."

"अन् तुह्या आजीची संध्याकाळ?"

तिनं हातातल्या काळ्या आलूकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "फिर वापस गंदा करो."

तर आम्ही संध्याकाळ परत बनवायला घेतली. काळा चहा उकळून लावला. पत्र्यावरून तो थेंब थेंब घरंगळला, टिनाला काय चहाची तलफ! तेलात हळद कालवून लावली. सूर्याला कावीळ झाली. ती पुसली. मग कापूर पेटवून चित्र त्यावर धरलं, घरात इतका धूर झाला की शेजारच्या दीदी पाण्याची बादली घेऊन दारात. "काय जळून राहिलं भैया?" मी म्हणालो, "संध्याकाळ." त्या बादली ठेवून निघून गेल्या, माझ्याकडून त्यांनी याहून विचित्र उत्तरं ऐकली आहेत. एवढं करून आकाशात एक काजळीचा डाग पडला, कावळा बसल्यासारखा. तोही पुसला. चाळीस वर्षांच्या फोडण्यांचा रंग एका सकाळी कुठून आणणार?

पुन्हा फोन. "पुरानी बस्तीच्या वळणावर आहोत. ऑटो जामात अडकला आहे. काकू डोळे मिटूनच बसल्या आहेत हो, ऑटोवाला विचारतो, दादी को दिखता नहीं क्या?"

जाम! मी त्या जामाला मनोमन नारळ बोललो. उरला गावच्या कारखान्यांचे सगळे ट्रक आजच्या दिवस शहरात आणून आडवे उभे करा, म्हटलं. चित्र लपवावं? तिनं पहिली मागणी त्याचीच केली असती. दुरुस्तीला दिलं म्हणावं? मी आयुष्यात हजार गोष्टी रचल्या, त्या दिवशी एक सुचेना. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि आम्ही ते तसंच, अर्धंमुर्धं, खिळ्यावर टांगलं. टांगताना माझं कोपर लागून देव्हाऱ्यातली घंटा वाजली.

बाहेर ऑटो थांबला.

बायको काकूचा हात धरून आत आली. काकूच्या डोळ्यांवर काळा चष्मा, त्यामागे डोळे घट्ट मिटलेले. बायकोची नजर आधी धुरावर गेली, मग आलूवर, मग भिंतीवर. तिनं माझ्याकडे जे पाहिलं, त्याला डॉक्टर लागला असता.

"आणलं का मले समोर?" काकूनं विचारलं.

"हव," बायको म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

काकूनं चष्मा काढला. डोळे उघडले. नवा डोळा लाल, ओला. ती पाहत राहिली. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, तो मला ढोलासारखा ऐकू येऊ लागला. ती पुढे सरकली. आणखी पुढे. नाक पत्र्याला लागेल इतकी जवळ.

"हे कोणी केलं?"

मी आणि मुलगी एकदमच म्हणालो. तिनं "मैंने" म्हटलं, मी "हिनं" म्हटलं. मग मी सुधारून "आम्ही" म्हटलं.

"सकाळ आहे ही," काकू म्हणाली.

टेबलावरचा काळा कापूस मुलीनं पाठीमागे लपवला.

"अन् ही जांभई देऊन राहिली."

"काकू, ते धूर साचला होता ना, म्हणून आम्ही..." मी सुरुवात केली. तिनं हात वर करून मला थांबवलं. लहानपणी मी पोळी मागायला गेलो की तवा तापलेला असायचा तेव्हा ती असाच हात करायची.

बाईच्या तोंडावर तिनं बोट ठेवलं, अगदी हलकं. "हासते म्हणत होती मी. इतके दिवस." तिनं बोट घागरीवर नेलं. "अन् हिचीही झोप नाही झाली. मायबाई. अजून घागर भरायची आहे हिले. मग चूल. मग ते पाहुणे."

मला वाटलं, गेलं. जे एक चित्र तिचं होतं ते आपण आलूनं खरवडून टाकलं. मुलगी रडायच्या बेतात होती. बायकोनं काकूसाठी खुर्ची ओढली, पण काकू बसली नाही. तिनं हळूच तळहात उचलला आणि नव्या डोळ्यावर ठेवला. मोतीबिंदूच्या जुन्या डोळ्यानं पाहिलं. मान थोडी वाकडी केली. तळहात काढला. पुन्हा ठेवला.

"या डोळ्यानं घरी येते," ती म्हणाली.

"काय?"

"या डोळ्यानं सगळं पिवळंच आहे अजून. नदीही, सूर्यही. संध्याकाळच आहे." तिनं हात बदलला, आता जुना डोळा झाकला. "अन् या डोळ्यानं कामाले निघते, बिचारी." मग पुन्हा हात बदलला. "आली घरी."

असं तिनं किती वेळ केलं ते मी सांगणार नाही, कारण मी सांगितलेला वेळ कोणी मानत नाही. पण बायकोचा स्वयंपाक झाला, जेवणं झाली, आणि काकू खुर्चीत बसून त्या बाईला नदीवर पाठवत होती आणि परत आणत होती.

उरलेला अर्धा भाग पुसू का, मुलीनं विचारलं. "हात नको लावू," काकू म्हणाली. "अन् तूही," हे मला.

महिन्याभरानं डॉक्टरांकडून फोन आला. दुसऱ्या डोळ्याची तारीख द्यायची होती. बायको म्हणाली, घ्या तारीख, असा मोतीबिंदू ठेवून कुठे चालतं? मुलगी म्हणाली, "दादी की आँख है, दादी से पूछो." मी फोनवर हात ठेवून काकूकडे वळलो. ती चित्रासमोर बसली होती, एक तळहात डोळ्यावर.

"काय सांगू काकू?"

"सांग, तो डोळा रिकामा नाही."

डॉक्टरांना हे कसं सांगणार? मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, काकूंना जबर सर्दी झाली आहे. शिंका अशा की अंगणातल्या पेरूची पानं झडली."

"बरं," ते म्हणाले. "मग पुढच्या महिन्यात?"

मागून बायको म्हणाली, "घ्या ना तारीख!" आणि काकू तळहात न काढताच म्हणाली, "पुढच्या महिन्यातही होते म्हण मले सर्दी."