तोडीच्या कपाळाला गंध

नव्वदच्या दशकात पंचवटीतल्या एका संगीत सभेच्या जिन्याची अख्खी भिंत मला रंगवायला मिळाली. वय सव्वीस, डोक्यात हवा. मी तोडी राग काढला. म्हणजे काय, तर तंबोऱ्याच्या चार तारा खांद्यावर घेऊन सूर्य ओढत नेणारा वाकलेला माणूस. गाणारा सुरासाठी जे सोसतो ते आणि माणूस जगताना जे सोसतो तेही, असं उद्घाटनाला माइकवर वीस मिनिटं सांगितलं. लोकांनी चहा घेतला.

तो माणूस म्हणजे माझे वडील, आबा. झेंडूच्या मळ्यात पाण्याचा पाइप खांद्यावरून ओढताना त्यांना थांबवून मी रेखाटनं केली होती. "आटप, वाफे सुकले," म्हणायचे, पण उभे राहायचे. चित्र बघायला मात्र येईनात. गाण्यातलं आपल्याला काय कळतंय, म्हणायचे.

महिन्याभरात चित्रातल्या आबांच्या पायांवर पानाच्या पिचकाऱ्या. रसिकच ते, मध्यंतरात तोंड मोकळं करायला जिन्यातच येणार. मी पुसायचो, ते थुंकायचे. सभेचे चिटणीस म्हणाले, "सगळीकडे जिन्यात देवांच्या टाइल्स लावतात, मग कुणी थुंकत नाही. यावर लावू का चार?" माझं टाळकं फिरलं. हे माणसाचं चित्र आहे, इथे देव येणार नाही, असं ठणकावलं. ते शांतपणे म्हणाले, "मग चुना मारू."

चुना म्हटल्यावर माझी सगळी प्रतीकं गळाली. एका दुपारी मी सूर्य आबांच्या डोक्यामागे नेला आणि कपाळाला गंध लावलं. तारा मागे नुसत्याच लोंबत राहिल्या. पिचकाऱ्या त्याच आठवड्यात बंद. पायरीवर झेंडूची फुलं दिसू लागली, बहुधा आमच्याच मळ्यातली. कलेचा विजय झाला, असं मी मित्रांना सांगत सुटलो.

मग एकदा मैफलीसाठी माळा पोचवायला आबा आले. जिन्यात एक बाई चपला काढून त्यांच्याच चित्रापुढे हात जोडून उभी होती. ती गेल्यावर मी उत्साहाने सगळी हकिगत सांगितली, पिचकाऱ्यांसकट. त्यांनी माळा कठड्यावर ठेवल्या.

"माझं चित्र काढलंस ना? मग मीच राहू दे. गंध पूस," म्हणाले. "थुंकतील तर थुंकू दे. लयच झालं तर मी येऊन धुईन."

मी हो म्हणालो. पुसलं नाही. लाज वाटली, अजून वाटते, पण चित्र वाचवायचं होतं ना. त्यानंतर आबा माळा मागच्या दाराने पोचवू लागले.