शिट्टीनंतरची हाक

आईला चप्पल घ्यायला गेलो, त्या दुकानात रॅपचं गाणं लागलं होतं. बिल करणारी मुलगी काउंटरवर बोटांनी ताल धरत होती आणि गाण्यात मधेच येणाऱ्या कुकरच्या शिट्टीला हसत होती. ती शिट्टी आमच्या घरातली आहे.

दहा वर्षं मी कपाटात रॅप केलं. आवाज घुमू नये म्हणून आईच्या साड्यांत तोंड घालून गायचो, ठेका स्वयंपाकघरात डब्यांवर वाजवून रेकॉर्ड करायचो. एकदा त्यात शिट्टी शिरली, पाठोपाठ आईची हाक, "ये रे जेवायला." मी दोन्ही राहू दिलं. ठेका बनवणारा त्यात सही म्हणून एखादा आवाज ठेवतो. माझी सही ती हाक होती.

पुढे एका नावाजलेल्या रॅपरने तो ठेका मागितला. "नाव तुझंच राहील, भावा." आमच्यात भावा म्हटल्यावर कोणी कागद करत नाही. गाणं आलं तेव्हा माझं नाव कुठेच नव्हतं. शिट्टी मात्र त्याने ठेवली. कुकर काही नाव मागायला येत नाही.

दुकानात तेच गाणं पुन्हा लागलं. चप्पल घालून बघणारी आई आपल्या डब्यांचा आवाज ओळखून थांबली. शेजारच्या बाईला म्हणाली, "थांबा हं, शिट्टी झाली की माझा आवाज येतो."

शिट्टी झाली. हाकेच्या जागी त्या रॅपरने स्वतःचं नाव घेतलं होतं. आई तरीही कान देऊन उभी होती, एका पायात नवी चप्पल घालून.