दुखण्याची राखण

रामनगरात माझ्या दुकानाशेजारी मामांची भाताची गिरणी होती. काही विचारलं की आधी सुपारीचं खांड एका गालातून दुसऱ्या गालात जायचं, मग उत्तर यायचं.

बेळगावच्या डॉक्टरनं त्यांच्या जबड्याच्या हाडात दातासाठी स्क्रू बसवला आणि जखम भरेपर्यंत सुपारी बंद केली. गाल सुजवून ते परत आले. दुखण्यावरच्या गोळ्या खिशात तशाच होत्या.

"मामा, गोळी घ्या की," मी म्हणालो.

"दुखतंय तोवर सुपारीची आठवण येत न्हाई. थांबलं की हात चंचीकडं जातोय बघ."

शेवटी पानसुपारीची ती चंची मी मागून घेतली आणि गल्ल्यात ठेवली, तेव्हा कुठं त्यांनी गोळी गिळली.

सकाळी ते दुकानात आले. चेहरा निवळला होता.

"दुखतंय काय?"

"न्हाई." उत्तर लगेच आलं, आणि त्यापाठोपाठ तळहात माझ्यापुढं आला.

मी गल्ला उघडला नाही. त्यांनी आपल्याच हाताकडं पाहिलं आणि मूठ मिटली.

"आज गोळी घेत न्हाई," म्हणाले, आणि गिरणीकडं गेले.