परक्या स्टँडमध्ये अण्णा

मी कोल्हापूर सोडलं त्या दुपारी आमच्या पेठेचा फुटबॉलचा सामना होता. अण्णा, माझे वडील, मला एसटी स्टँडवर सोडायला आले खरे, पण लक्ष सगळं मैदानाकडे. बॅग गाडीत ठेवली, "पोचलीस की फोन कर" म्हणाले आणि बस हलायच्या आत त्यांनी स्कूटरला किक मारली. खिडकीखाली आई एकटीच डोळे पुसत उभी राहिली. त्या पाठमोऱ्या स्कूटरचा राग मला पुढे कित्येक वर्षं पुरला. ज्या मैदानासाठी ते निघाले होते, तिथे मला त्यांनी एकदाही नेलं नव्हतं. "मैदान पोरींचं न्हवं," एवढंच कारण.

तेव्हा तिकडे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना मी हे कधी सांगितलं नाही, की इंग्लंडातल्या रीडिंग या गावातल्या पहिल्या हिवाळ्यात मला वाचवलं ते फुटबॉलनं. वीकेंडला बोलायला माणूस नसायचं. ऑफिसातल्या जॅनेटनं एका शनिवारी रीडिंगच्या टीमच्या मॅचला ओढून नेलं आणि मग नादच लागला. मी परगावच्या अवे मॅचेसनाही जायला लागले. अनोळखी स्टेशनवर आपल्या रंगाचा स्कार्फ दिसला की हात करायचा, शेजारी बसायचं, घरून आणलेले सँडविच वाटून खायचे. जे माझ्यासारखे निघून आलेत त्यांना कळेल, असा एक हात दिसायला किती थंडी काढावी लागते.

आई गेल्यावर अण्णांना मी तीन महिन्यांसाठी इकडे आणलं. ते खिडकीशी बसून राहायचे. हाक मारली तर जेवायचे. शेवटी न राहवून मी उत्तरेकडच्या एका मॅचची दोन तिकिटं काढली. आमच्या पाठीराख्यांचा स्टँड फुल झाला होता, म्हणून मिळाली ती समोरच्या टीमच्या लोकांमधली.

"अण्णा, आपली माणसं पार त्या टोकाला असणार," मी ट्रेनमध्ये बजावलं. "आपण बसायचं विरोधकांत. स्कार्फ नाही, आवाज नाही. गोल झाला तरी गप्प."

"मला शिकवतीस व्हय? दुसऱ्या पेठेच्या गर्दीत बसून अख्खा सामना काढलाय मी."

तरी मी मॅचपेक्षा त्यांच्या हातांकडेच बघत होते. मागच्या रांगेतले चौघे आमच्या टीमला शिव्या घालणारी गाणी म्हणत होते. पहिला गोल त्यांचा झाला. सगळे उभे राहिले, आम्हीही राहिलो, खोट्या टाळ्या वाजवल्या.  अण्णांचा चेहरा मात्र दगडासारखा.

दुसऱ्या हाफमध्ये आमचा विंगर कडेनं सुटला, बॉल आत आला, आणि जाळं हललं. पुढचं कळायच्या आत मी उभी होते. हात वर, तोंडातून किंकाळी. अण्णा जागचे हललेसुद्धा नव्हते.

आजूबाजूला सगळे बसलेले. मी एकटी उभी.

मागून कुणीतरी माझी खुर्ची लाथेनं हलवली. एक माणूस इतका वाकला की त्याच्या तोंडाचा कांद्याचा वास आला. "गेट बॅक व्हेअर यू बिलाँग!" तो ओरडला.  तुझ्या टीमच्या स्टँडमध्ये जा म्हणत होता, की तुझ्या देशात? इतक्या वर्षांत हे वाक्य कधी ना कधी येणार याची धास्ती होतीच, आणि ते आलं तेव्हा अण्णा शेजारी होते.

"काय म्हणतोय त्यो?" अण्णांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "आपल्या माणसांत जा म्हणतोय."

"मग चल की. बरोबर बोलतोय." अण्णा उठले आणि त्या माणसाच्या आणि माझ्या मधे उभे राहिले. हात खाली, नजर सरळ.

तेवढ्यात पिवळ्या जॅकेटमधली, बंदोबस्तावरची स्टुअर्ड धावत आली. तिनं आम्हाला खाली उतरवलं आणि मैदानाच्या कडेकडेनं आमच्या लोकांकडे चालवत नेलं. अख्खा स्टँड आमच्यावर हुर्यो उडवत होता. काहीतरी ओलं माझ्या खांद्यावर येऊन पडलं. मला पळावंसं वाटत होतं, पण अण्णांनी माझं मनगट धरलेलं होतं. "पळायचं न्हाई," ते पुटपुटले. "पळालं की माघं लागतात."

मग आमचा कोपरा आला. कठड्यावरून हातच हात पुढे आले. एका अनोळखी बाईनं अण्णांना आत ओढून घेतलं आणि स्वतःचा स्कार्फ त्यांच्या गळ्यात टाकला. उरलेला वेळ आमच्या गोलवर हल्ल्यामागून हल्ला होत होता आणि अण्णा बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "हाण! भाईर काढ रं त्यो!" आजूबाजूच्यांना शब्द कळत नव्हता, अर्थ पुरेपूर कळत होता. बरोबरीत सुटलो.

तो माणूस मला नक्की कुठे जा म्हणत होता, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही अर्थ मनात आलटून पालटून येतात. कुणी "कुठली तू?" विचारलं की मी आजवर आधी इंडिया सांगत आले, मग चाचरत रीडिंग, जणू दुसऱ्यावर माझा हक्क अर्धाच.

परतीच्या ट्रेनमध्ये आमच्याच रंगाचा एक तरुण दाराशी उभा होता. त्यानं अण्णांना विचारलं, "व्हेअर हॅव यू कम फ्रॉम, मेट?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण अण्णा आधी बोलले. खणखणीत आवाजात.

"रीडिंग."

"सेम," तो हसला. अण्णा सरकले आणि त्याला बसायला जागा करून दिली.