नकार टिपणारी

कार्यालयात तिला सगळे मख्खताई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही ओ देई.

तिचं काम असं, की भाड्याने घर मागायला जायचं आणि नकार मिळाला तर तो टिपून आणायचा. पाच वर्षांपूर्वी नगरपालिकेने नियम केला. मूळ गाव, रंग, बोली किंवा आडनाव बघून कुणाला घर नाकारता येणार नाही. नियम झाला तसं कुणी कुणाला या कारणांनी नाकारेनासंच झालं. घरं नुसती ‘कालच गेली’ होऊ लागली. मग पडताळणीसाठी जोड्या नेमल्या. जोडीतली एक बाई बाहेरून आलेल्या लोकांपैकी, दुसरी पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. कागदावर दोघी सारख्या. वय तेच, पगार तेवढाच, दवाखान्यात नोंदणीची नोकरी, एकटीच राहणारी. बाहेरची आधी जाते, इथली चाळीस मिनिटांनी. पहिलीला ‘गेलेलं’ घर दुसरीसाठी परत आलेलं असलं, की प्रकरण उभं राहतं.

मख्खताई पहिली. सहा वर्षांची असताना आईबापांबरोबर या शहरात आली, इथेच शिकली, तरी तोंड उघडलं की समोरचा अंदाज बांधायचा. पुष्कळदा तोंड उघडायचीही गरज पडत नसे. या कामासाठी लागणारं सगळं तिच्याकडे जन्मापासूनच होतं.

अहवालाचा नमुना ठरलेला होता. दार किती वाजता उघडलं, कुणी उघडलं, आत घेतलं की उंबऱ्यावरच ठेवलं. सात प्रश्न विचारायचे, तेही ठरलेल्या क्रमाने. उत्तरं जशीच्या तशी, अवतरणात. सुरुवातीच्या एका अहवालात तिने ‘तुसडेपणाने म्हणाले’ असं लिहिलं होतं. प्रमुख बाईंनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. “त्यांनी काय म्हटलं ते लिहा. तुम्हाला काय वाटलं ते नको. समोरचा वकील पहिल्यांदा तेच उचलतो.” बाईंचं बरोबर होतं. तिने ‘तुसडेपणाने’ खोडलं. पुढे तसे शब्द सुचायचेच बंद झाले. घरी आईने “आज काय झालं गं?” विचारलं, तर ती म्हणायची, “अकरा पाचला पोहोचले. अकरा सातला परत निघाले.”

“दोन मिनिटांत काय घर बघितलंस?”

“पायपुसणं बघितलं.”

आई हसायची. ती हसली की मग हीदेखील थोडं हसायची.

त्या वर्षी त्यांची इमारत दुरुस्तीला निघाली आणि महिनाअखेर खोली रिकामी करायची नोटीस दारावर लागली. आईचे गुडघे गेलेले. तळमजलाच हवा होता. सुट्टीच्या दिवशी ती स्वतःसाठी घरं बघू लागली. पहिल्याच घरी दार उघडल्याबरोबर तिने घड्याळ पाहिलं आणि सातही प्रश्न क्रमाने विचारून टाकले. घरमालक म्हणाला, “बाई, तुम्ही घर घेताय की परीक्षा?” ते घरही कालच गेलेलं होतं. अशी चौदा झाली. तक्रार करता आली असती. तक्रारीचा निकाल यायला साधारण अकरा महिने लागतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

महिना संपायला नऊ दिवस उरले असताना कामाच्या यादीत एक पत्ता आला. जुन्या छापखान्यामागची गल्ली, तळमजला, खोली आणि स्वयंपाकघर. अकरा दहाला तिने घंटी वाजवली.

“आलेऽ! दार लोटा, उघडंच आहे.” आतून एक ठेंगणी म्हातारी पदराला हात पुसत आली. “या, या. दारात काय उभ्या? बूट राहू दे, मलाच आज झाडायचा कंटाळा आलाय.”

मख्खताई उंबऱ्यावर क्षणभर थांबली. आत घेतलं, असं मनात नोंदवून आत गेली.

म्हातारीने तीस वर्षं बसस्थानकात तिकिटं दिली होती. “खिडकी एवढीशी,” तिने हातांनी माप दाखवलं. “माणूस दिसायचंच नाही, नुसते हात. हातावरून सांगायचे मी, हा सुटे देणार, हा भांडणार.” मग तिने मख्खताईचे हात पाहिले. “तुम्ही सुटे देणाऱ्या.”

खोलीला दोन खिडक्या होत्या. मागे फरसबंदी अंगण, त्यात कपड्यांची दोरी. मख्खताईने प्रश्न विचारले. पहिला, दुसरा, तिसरा. चौथा प्रश्न पाण्याचा होता. तो विचारायच्या जागी तिच्या तोंडून निघालं, “मागे अंगणात उतरायला पायऱ्या आहेत का?”

“एकही नाही. का हो?”

“आईला पायऱ्या जमत नाहीत.”

कागदावर ती एकटी राहणारी होती. चार वर्षांत तिने एक अक्षर चुकवलं नव्हतं.

“अगंबाई, आई आहेत का बरोबर?” म्हातारीचा चेहरा एकदम खुलला. “मग हीच खोली घ्या. मला दुपारची बोलायला कुणी नाही. पुतण्या येतो, पण तो बोलत नाही, शिकवतो. ठरलं समजा. मी आता कुणाला दाखवत नाही.”

अकरा चौतीसला फोन नंबर देऊन ती बाहेर पडली आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात बसली. तिची जोडीदारीण ठरल्या वेळी गल्लीत शिरली आणि पाच मिनिटांत परत आली. सव्वीस वर्षांची, बोलघेवडी पोर. खुर्ची ओढतच म्हणाली, “ताई, मला हाकललं!”

“हाकललं म्हणजे? शब्द सांग.”

“म्हणाल्या, ‘खोली आत्ताच दिली बाळा, एका बाईंच्या आईसाठी.’ आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी घर नाही म्हटलं! कसंतरीच वाटलं गं.” ती हसत होती. मग हसता हसता थांबली. “कुणाच्या आईसाठी?”

मख्खताईने सांगितलं.

पोरीने चहा बाजूला सारला. “घेऊन टाक. आज घरमालकीणबाई घरी नव्हत्या, असं लिहू. मी लिहिते, तू नुसती सही कर. कुणाला कळतंय?”

पडताळणीतलं घर पडताळणी करणाऱ्याने दोन वर्षं घ्यायचं नाही, हा नियम होता. आठ दिवसांनी एका मोठ्या घरदलालाची सुनावणी होती. त्याच्याविरुद्धचे एकोणीस अहवाल मख्खताईच्या हातचे होते. त्या एकोणीस पत्त्यांवरून एकोणीस कुटुंबं खरोखरच परत गेली होती, आणि ती अजून कुणाच्या तरी ओसरीत किंवा नातेवाइकांच्या स्वयंपाकघरात झोपत होती. त्या दलालाच्या वकिलाला एवढंच हवं होतं, की ही बाई सरकारी कामाच्या आडून स्वतःला घर शोधते. एक खोटा कागद सापडला की बाकीचे सगळे तसेच.

“कळतं,” मख्खताई म्हणाली.

“आणि आईंचं काय? त्यांना काय सांगशील, नियम?”

मख्खताईने अहवाल काढला आणि लिहायला घेतलं. चौथ्या प्रश्नाजागी वेगळा प्रश्न विचारला गेला, हेही लिहिलं. जोडीदारीण तोंड फिरवून बसली. लिहून झाल्यावर तिनेही सही केली. “खरंच मख्ख आहेस,” ती म्हणाली. या वेळी त्यात थट्टा नव्हती.

प्रमुख बाईंनी अहवाल दोनदा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मला वाईट वाटतंय,” त्या म्हणाल्या, आणि मग पडताळणीबद्दल घरमालकाला काही सांगायचं नाही, ठरलेलं एकच वाक्य बोलायचं, याची आठवण करून दिली. अहवालावर शिक्का बसला: भेदभाव आढळला नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारीचाच फोन आला.

“अहो, मोरीत दांडा बसवून घेतेय, धरायला. आईंची उंची किती? म्हणजे त्या मापाने लावायला सांगते.”

“माझा विचार बदललाय,” मख्खताई म्हणाली. ते ठरलेलं वाक्य होतं.

“बदललाय? काय आवडलं नाही? भाड्याचं म्हणत असाल तर बोलू की.”

“माझा विचार बदललाय.”

पलीकडे भिंतीत भोक पाडायचं यंत्र सुरू होतं. म्हातारीने कुणाला तरी “थांब रे जरा” म्हटलं. आवाज बंद झाला.

“मी आठ जणांना परत पाठवलं तुमच्यासाठी. पुतण्या म्हणतच होता. या लोकांच्या शब्दावर जाऊ नकोस. मी त्याच्याशी भांडले होते हो.”

फोन ठेवला गेला. पडताळणीनंतर संपर्क झाला तर तोही नोंदवायचा असतो. मख्खताईने वेळ लिहिली, दहा चव्वेचाळीस, आणि म्हातारीची वाक्यं एकामागून एक अवतरणात उतरवली. शेवटची तीन लिहिताना हात थांबला नाही. कागद फायलीत गेला. तिथे तो कुणी वाचायचं कारण नव्हतं, कारण प्रकरणच नव्हतं.

घरी आई जमिनीवर बसून भांडी जुन्या साड्यांत गुंडाळत होती. खाली बसलं की तिला आपलं आपण उठता येत नसे. म्हणजे बराच वेळ ती तशीच बसली असणार, आणि आता उठवावं लागणार.

“कालचं ते तळमजल्याचं? काय म्हणाले?”

“हो म्हणाले.”

आईचे हात थांबले. “मग?”

“मीच नाही म्हटलं.”

आईने पातेलं उचललं, साडीचं टोक त्यात खोचलं.

“मावशीकडे राहायला जायचं, तर किती पायऱ्या आहेत गं?”

“बेचाळीस.”

“मधे टेकायला जागा?”

“वळणावर आहे. दोघींपुरती.”

“मग होईल,” आई म्हणाली आणि उठवून घ्यायला हात पुढे केला.