हात कुठे लावायचा

आकाशातून हेलिकॉप्टर गेलं की मी अजूनही हातातलं काम टाकून वर बघतो. बायको म्हणते, निवृत्त झालात तरी तुमचा बंदोबस्त काही सुटत नाही. मला मात्र त्या वेळी बंदोबस्त आठवत नाही. ठाण्याच्या खाडीकाठची एक बाई आठवते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या उद्घाटनाला बडे पाहुणे हेलिकॉप्टरने आले. उतरायला खाडीजवळचं मैदान ठरलं होतं. कोळीवाड्यातले लोक तिथे जाळी सुकवत. ती आदल्या दिवशी आम्हीच उचलायला लावली होती. त्यावरून तिथला म्हातारा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, आमच्याशी कडाकडा भांडला होता.

परतीच्या वेळी इंजिनात बिघाड निघाला. पाहुणे मोटारीने गेले आणि हेलिकॉप्टर आमच्या गळ्यात पडलं. जमीन भुसभुशीत, त्यात खाडीवरून वारा सुटलेला. ते शेजारच्या गोदामाच्या सिमेंटच्या अंगणात हलवायला हवं, असं सोबतच्या मेकॅनिकने सांगितलं. त्याने वरच्या पंख्याची पाती बांधली, खालच्या दांड्यांना छोटी चाकं लावली आणि ढकलायला माणसं मागितली. माझ्या हवालदारांची पोटं बघून मी कोळीवाड्यात निरोप धाडला. भांडण बाजूला ठेवून तांडेल माणसं घेऊन आला.

ही मंडळी होडी ओढणारी. एकाने हाळी द्यायची आणि सगळ्यांनी मिळून हिसका मारायचा, ही त्यांची रीत. मेकॅनिक घाबराघुबरा झाला. हिसका नको, दारांना आणि काचेला हात नको, शेपटीच्या पंख्याजवळ तर जाऊच नका, असं तो प्रत्येकाला बजावत होता. हात कुठे लावायचा, तेही त्याने एकेकाला धरून दाखवलं. मागच्या पंख्यावर नजर ठेवायला एक माणूस, बांधलेली पाती कशाला घासत नाहीत ना हे बघायला दुसरा. तांडेलाने हाळी गिळली आणि सगळ्यांना हळूहळू चालवलं. उजेड होता तोवर हेलिकॉप्टर अंगणात उभं राहिलं. मेकॅनिकने त्याच्या नाकावरच्या बारीक नळीवर लाल पट्टी लोंबणारं कापडी टोपण चढवलं आणि आम्ही सगळ्यांनी चहा घेतला.

सकाळी मेकॅनिक धावतच पोलीस ठाण्यात आला. नळीत कुणीतरी काहीतरी ठासून भरलं होतं. या नळीतल्या हवेवर वैमानिकाला वेग कळतो. ती बंद झाली तर तो आंधळ्यासारखा उडणार. शिवाय टोपण पुन्हा व्यवस्थित बसवलेलं होतं. हे माहीतगाराचं काम, घातपातच, असं त्याचं म्हणणं पडलं.

तासाभरात खबर आली. गोदामाबाहेरच्या चहावाल्याने तांडेलाला संध्याकाळी हेलिकॉप्टरच्या नाकाशी घुटमळताना पाहिलं होतं. जाळ्यांचं भांडण सगळ्यांना ठाऊक होतंच. वरून साहेबांचा फोन आला, संध्याकाळच्या आत अटक दाखवा. गुन्हा असा लागला असता की म्हाताऱ्याची उरलेली वर्षं तुरुंगातच गेली असती.

मी त्याला समोर बसवलं. त्याने गुडघ्यांवर मुठी ठेवल्या. मग म्हणाला, मीच केलं, जाळी उचलायला लावली त्याचा राग होता. काय भरलंस, असं विचारलं तर म्हणाला, चिखल.

पंचनाम्यातली पुडी माझ्या टेबलावर होती. मी ती त्याच्यापुढे उघडली. हळद लावलेले तांदूळ, खोबऱ्याचा बारीक तुकडा, झेंडूच्या पाकळ्या. चिखलाचं नाव नाही. तांडेलाने मान फिरवली ती थेट दाराकडे. बाहेरच्या बाकावर त्याची बायको सकाळपासून बसून होती. ती नवऱ्याला डबा घेऊन आली असेल, असं मी धरून चाललो होतो.

तिला आत बोलावलं. ती बसली नाही.

"सायेब, त्यांना सोरा. मी केलाय ता. ते मना बोलवाला आल्ते."

तिचा एकुलता मुलगा समुद्रातल्या तेलाच्या कामावर लागला होता आणि हेलिकॉप्टरने जात-येत होता. दोन नारळी पौर्णिमा उलटल्या, तो घरी फिरकला नव्हता. घरातलं माणूस दर्यावर निघालं की ती होडीच्या टोकाला हळद-तांदूळ लावायची. त्या संध्याकाळी अंगणात तिला हेलिकॉप्टरच्या नाकावर नळी दिसली, तिच्यावर लाल कापड दिसलं. यांच्यातही आपल्यासारखंच टोकाला कापड बांधतात, असं तिला वाटलं. कापड काढून तिने आपलं देणं आत ठेवलं आणि देवाचं वस्त्र नेसवावं तसं ते पुन्हा नीट चढवलं.

मी म्हटलं, अहो, पण तुमचा मुलगा या हेलिकॉप्टरने थोडाच जातो?

"म्हायती हाय. पन होरीला हात लावल्याबिगर आमी कोनाला दर्यान सोरत नाय. त्याच्या इमानाला हात लावाला मना कवा भेटलाच नाय. मंग तो परत कसा येल?"

मी दोघांनाही घरी जाऊ दिलं. स्टेशन डायरीत मी लिहिलं की वाईट हेतू आढळला नाही. साहेबांनी माझी चांगली हजेरी घेतली, पण माझी नोंद खोडली नाही.

इंजिन दुरुस्त झालं त्या दिवशी मी दोघांना अंगणात नेलं. नळी बंद राहिली असती तर काय झालं असतं, ते मेकॅनिकने तिला समजावलं. तिने तोंडावर पदर धरला. आत बसणाराही कुणाचं तरी पोरच, एवढंच ती पुटपुटली. मग तो कडक माणूस तिचा हात धरून हेलिकॉप्टरच्या पोटाशी घेऊन गेला.

"मावशी, इथे हात लावा. इथे लावलेला चालतो."

तिने तळवा टेकवला आणि बराच वेळ काढला नाही.

गुन्हा घडला की आम्ही पोलीस आधी वैर शोधतो. मायेपोटीही माणूस तेवढंच नुकसान करून बसतं, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे माझी कल्याणला बदली झाली. तिचा मुलगा आला की नाही, ते मला कळलं नाही. खरं सांगायचं तर विचारायला जायचा धीर झाला नाही.

आता माझा मुलगा परदेशात असतो. गेल्या खेपेला त्याला सोडायला विमानतळावर गेलो. तो काचेच्या दारातून आत गेला, दार मिटलं, आणि मी तिथेच उभा राहिलो. हात कुठे लावायचा, हे मला दाखवायला तिथे कुणी नव्हतं.